एका कविदांपत्याचे उन्हाळे

इतिहास म्हटला कीं लढाया, तह, राज्यक्रांति आणि राजांच्या वंशावळी, अशी आपल्या मनाची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होऊन बसली आहे. एखाद्या कुटुंबानें अमुक सालचा उन्हाळा कसा काढिला, दुपारीं काय खाल्लें, संध्याकाळीं कोणत्या पुलापर्यंत तीं माणसें फिरावयास गेलीं आणि घरच्या कुत्र्याला पिसवांनीं किती सतावलें, ही माहिती इतिहासाच्या पोटांत घालावयास आपण सहसा तयार नसतों. बखरकारांनीं ती लिहिली नाहीं, आणि त्यांच्यापाशीं ती मागावी असें आपल्यालाहि कधीं वाटलें नाहीं. पण मनुष्याचें स्वातंत्र्य किंवा पारतंत्र्य जितकें सनदांत आणि जाहीरनाम्यांत दिसतें, तितकेंच तें घराच्या दारांत, जेवणाच्या ताटांत आणि संध्याकाळच्या फेरफटक्यांतहि दिसतें. किंबहुना सनदेंत लिहिलेलें स्वातंत्र्य घरांत कितपत उतरलें, हें पाहावयाचें असेल तर घरांतच डोकावलें पाहिजे. या दृष्टीनें इंग्रज कवि रॉबर्ट ब्राउनिंग, त्याची कवयित्री पत्नी एलिझाबेथ बॅरेट आणि त्यांचा फ्लश नांवाचा कुत्रा या तिघांच्या इटलींतील पहिल्या कांहीं उन्हाळ्यांची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. ती मुख्यत्वें एलिझाबेथनें आपल्या बहिणींना आणि मैत्रिणींना लिहिलेल्या पत्रांत सांपडते, आणि सुदैवानें तीं पत्रें लिहितांना आपण इतिहास लिहीत आहों असें तिच्या स्वप्नींहि नव्हतें.

कॉलेजांत ब्राउनिंगच्या कविता शिकवूं लागलें कीं या दोघांच्या प्रेमविवाहाची गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनांत जागी होते. १९३० सालच्या बेझियरच्या नाटकानें आणि १९३३ सालीं व्हर्जिनिया वुल्फ या लेखिकेनें लिहिलेल्या फ्लशच्या चरित्रानें ती गोष्ट पुष्कळ दूरवर पोंचविली. परंतु ती बहुधा दोघें घरांतून निघून गेलीं, येथेंच संपते. संसार म्हणून जें कांहीं असतें तें त्यानंतर सुरू होतें, आणि तिकडे फारसें कोणी वळून पाहात नाहीं. लग्नाच्या वेळीं एलिझाबेथ चाळीस वर्षांची होती आणि रॉबर्ट चौतीस वर्षांचा. वयाच्या हिशेबानें या दांपत्याला तरुण म्हणतां येणार नाहीं. पण ज्या स्त्रीच्या आयुष्यांत उन्हाळा हा शब्द खिडकीबाहेरच राहिला होता, तिचें तारुण्य चाळिसाव्या वर्षीं सुरू झालें असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

लंडनमधील विंपोल स्ट्रीटवरील पन्नास नंबरच्या घरांत एलिझाबेथ वर्षानुवर्षें आजारी म्हणून एका खोलींत पडून असे. १८४० च्या जुलैंत तिचा सर्वांत लाडका भाऊ टॉर्कीच्या समुद्रांत बुडून मरण पावला. त्या दुःखांतून ती वर येईना, तेव्हां १८४१ च्या आरंभीं मिस मिटफर्ड या लेखिकेनें तिच्याकडे एक सोनेरी केसांचें कोकर स्पॅनियल जातीचें पिल्लूं पाठविलें. तोच हा फ्लश. वडील स्वभावानें प्रेमळ, पण आपल्या मुलामुलींपैकीं कोणींहि लग्न करूं नये असा त्यांचा हट्ट. आणि पुढें तिघांनीं लग्नें केलीं तेव्हां त्या तिघांचेंहि त्यांनीं नांव टाकिलें. अशा घरांत दाराला कुलूप असण्याची गरज नसते. पित्याच्या मायेचा आणि औषधाच्या बाटलीचा पहारा पुरेसा असतो.

फ्लशचीहि स्थिति निराळी नव्हती. त्या काळच्या लंडनमध्यें चांगल्या जातीचीं कुत्रीं चोरून नेऊन मालकाकडून दंड उकळण्याचा धंदा राजरोस चाले. दिवसां श्रीमंत वस्तींत कुत्रा उचलावा, रात्रीं शोरडिचच्या गलिच्छ वस्तींत लपवावा आणि दुसऱ्या दिवशीं निरोप पाठवावा. पैसे न दिल्यास कुत्र्याचें काय होईल हें सांगावयास नको असे. त्यामुळें फ्लशला साखळीवांचून रस्त्यावर मोकळें सोडणें म्हणजे त्याला गमावणेंच होतें. तरीहि तो तीन वेळां चोरीस गेला. तिसरी वेळ १८४६ च्या सप्टेंबरची पहिली तारीख, म्हणजे लग्नाला बारा दिवसहि उरले नव्हते तेव्हांची. चोरांच्या म्होरक्यानें सहा गिनी मागितल्या. रॉबर्टचें मत असें कीं अशा दुष्टांना एक पैहि देऊं नये. अन्यायापुढें मान तुकविली कीं तो वाढतो. एलिझाबेथनें त्याला उलट विचारलें कीं उद्यां इटलींत दरवडेखोरांनीं मला धरून नेलें आणि माझे कान पुडींत बांधून तुमच्याकडे धाडले, तर तेव्हांहि हेंच तत्त्व सांगत बसणार काय? एवढें लिहून ती थांबली नाहीं. जी स्त्री जिना उतरावयास कचरत असे ती आपली दासी विल्सन हिला घेऊन भाड्याच्या गाडींतून थेट शोरडिचमध्यें त्या म्होरक्याच्या दारापर्यंत गेली. तो घरीं नव्हता. पुढें बरीच घासाघीस होऊन, तिच्या एका भावानें पैसे नेऊन दिल्यावर फ्लश परत आला. या प्रसंगाकडे पाहिलें म्हणजे वाटतें कीं बापाच्या घराचा उंबरठा ओलांडण्याचें बळ तिला प्रथम कुत्र्यासाठीं आलें; स्वतःसाठीं तें वापरावयाचें तेवढें राहिलें होतें. १२ सप्टेंबरला मॅरिलबोनच्या चर्चमध्यें गुपचूप लग्न झालें, आणि १९ तारखेस तीं दोघें, विल्सन आणि फ्लश अशीं चौघें इंग्लंड सोडून निघालीं.

फ्रान्समधून जातां जातां पेट्रार्क कवीच्या वास्तव्यानें प्रसिद्ध झालेल्या व्होक्लूझच्या झऱ्यावर एलिझाबेथ पाण्यांतील खडकावर जाऊन बसली, आणि फ्लशनें तिच्यामागें पाण्यांत उडी घेतली. त्याचा पेट्रार्कच्या नांवानें बाप्तिस्मा झाला अशी तिनें थट्टा केली आहे. हिंवाळा पिसा शहरांत काढून १८४७ च्या एप्रिलांत हीं मंडळी फ्लॉरेन्सला आलीं. फ्लश येथें साखळीवांचून हवा तिकडे हिंडूं लागला. सकाळीं एकटाच बाहेर पडावें, शेपटी वळविलेल्या गांवठी कुत्र्यांशीं मैत्री करावी आणि भूक लागली म्हणजे घरीं यावें, असा त्याचा क्रम ठरला. फ्लॉरेन्समध्यें त्याच्या वंशावळीला कोणी किंमत देत नव्हतें, म्हणूनच त्याला कोणी चोरीत नव्हतें.

जुलै लागला आणि उकाडा वाढला, तेव्हां पहाडांत जाऊन दोन महिने राहावें असें ठरलें. स्थळ निवडलें व्हॅलोंब्रोझा. मिल्टनच्या महाकाव्यांत त्याचा उल्लेख असल्यामुळें प्रत्येक इंग्रज वाचकाला तें नांव पाठ. पहाटे चार वाजतां गाडी निघाली. पेलागो गांवापुढें गाडीचा रस्ता नव्हता. तेथून रॉबर्ट घोड्यावर, आणि एलिझाबेथ व विल्सन पांढऱ्या बैलांनीं ओढलेल्या चाकांवांचूनच्या घसरगाडींत बसून चढण चढल्या. वरचें अरण्य आणि डोंगर पाहून एलिझाबेथ हरखून गेली. पण मठाच्या नियमाप्रमाणें स्त्रियांना तेथें राहावयास मनाई. आर्चबिशपचें पत्र जवळ होतें, तरी नव्या मठाधिपतीनें तें मानिलें नाहीं. मठाबाहेरच्या धर्मशाळेंत कसेबसे पांच दिवस काढून, तोंडांत घालवणार नाहीं असा पाव खाऊन, मंडळी परत फिरली. ज्या कवीच्या शब्दाखातर ती एवढी चढण चढून गेली त्याच्या काव्यांत अरण्य होतें, पण दारावरचा पहारेकरी नव्हता. फ्लशला मात्र या परतण्याचें बिलकूल वाईट वाटलें नाहीं. पाइनचीं दाट रानें पाहून त्याची गाळण उडाली होती. त्याला शहर आणि शहरांतील समाज हवा होता.

परतल्यावर २० जुलैला त्यांनीं पिट्टी राजवाड्याजवळ, सॅन फेलिचे चर्चसमोर, कासा गीदी नांवाच्या जुन्या वाड्याच्या मजल्यावरील खोल्या घेतल्या. पुढच्या वर्षीं तेच बिऱ्हाड त्यांनीं रिकाम्या खोल्यांसह वर्षाला पंचवीस गिनींवर कायम केलें. या खोल्यांतील पहिल्या उन्हाळ्याचें तिनें केलेलें वर्णन वाचतांना आपल्याकडील वैशाखांतली दुपार आठवते. खिडक्या बंद करून अंधार केलेली दुपार; अंगावर पांढरा सैल झगा, आणि तसें बसल्याबद्दल बोलणारा पुरुष घरांत कोणी नाहीं; खाण्याला कलिंगडें, अंजिरें आणि नाना फळें, पिण्याला बर्फाचें पाणी; आणि रात्रीं खिडकींतून पाऊल टाकलें कीं चांदण्यानें भरलेला अरुंद सज्जा. स्वयंपाकाची चिंता नाहीं. जेवण जवळच्या खानावळींतून तयार होऊन येई. संध्याकाळीं ऊन उतरलें कीं आर्नो नदीच्या कांठानें एखाद्या पुलापर्यंत जाऊन सूर्यास्त पाहावा, किंवा लोज्जाच्या कमानीखालीं बसून चेल्लिनीच्या पर्सियसच्या पुतळ्याकडे पाहात गप्पा माराव्यात. ज्या बाईला लंडनमध्यें उचलून जिन्यावरून न्यावें लागे, तिच्यासाठीं एवढें चालणें म्हणजे एखाद्या तीर्थयात्रेइतकें मोठें होतें.

येथें फ्लशच्या एका दुःखाची नोंद केली पाहिजे. फ्लॉरेन्समध्यें चोर नव्हते, पण पिसवा होत्या. साव्होनारोला या धर्मोपदेशकाला याच शहरांत जाळलें. त्याच्या यातनांहून फ्लशच्या उन्हाळ्यांतील यातना फारशा कमी नाहींत, असें एलिझाबेथ विनोदानें लिहिते. शेवटीं त्याच्या अंगावरचे केस कातरावे लागले. ज्या सोनेरी केसांमुळें लंडनमध्यें तो सहा गिनींचा होता ते गेले, आणि बिचारा सुखानें झोंपूं लागला. स्वातंत्र्याच्या किंमतींत कधीं कधीं प्रतिष्ठा द्यावी लागते, हें फ्लशइतकें लवकर माणसाला समजत नाहीं.

याच उन्हाळ्याच्या अखेरीस, १२ सप्टेंबर १८४७ रोजीं, म्हणजे लग्नाच्या पहिल्या वाढदिवशीं, घरचा इतिहास आणि देशाचा इतिहास एकाच खिडकीखालीं भेटले. टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा लिओपोल्ड यानें प्रजेला नागरी सैन्य उभारण्याची परवानगी दिली होती. आभार मानण्यासाठीं टस्कनीच्या सर्व भागांतून लोक निशाणें घेऊन फ्लॉरेन्समध्यें लोटले आणि मिरवणूक कासा गीदीच्या खिडक्यांखालून पिट्टी राजवाड्याकडे गेली. ती तासन्‌तास चालली होती. सर्व खिडक्यांतून रेशमी वस्त्रें सोडलेलीं, फुलांचा वर्षाव, अनोळखी माणसें एकमेकांना कवटाळताहेत, असा तो देखावा. मराठी वाचकाला इटलीच्या या स्वातंत्र्यसंग्रामाची ओळख १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या सावरकरांच्या मॅझिनीवरील पुस्तकामुळें फार दिवसांची आहे. पण तेथें आपण तो पुढाऱ्याच्या डोळ्यांनीं पाहतों, येथें तो एका बिऱ्हाडाच्या खिडकींतून दिसतो. फ्लशहि खिडकीच्या कठड्यावर दोन्ही पंजे ठेवून, कान लोंबते सोडून, मिरवणूक पाहात होता. पण तिचा जेवणाशीं किंवा कोंबडीच्या हाडांशीं कांहीं संबंध नसल्यामुळें ती जरा लांबली, असें त्याचें मत पडलें. एलिझाबेथनें हें थट्टेनें लिहिलें खरें. पुढें मात्र तिला फ्लशच्या या अभिप्रायांत तथ्य आहे असें वाटलें असल्यास नवल नाहीं. सोहळे लांबतात, आणि हाताला फारसें कांहीं लागत नाहीं.

१८४८ च्या उन्हाळ्यांत समुद्राची हवा खावी म्हणून तीं दोघें फानो गांवीं गेलीं. तेथें उन्हानें हिरवळ करपून गेलेली आणि राहणें अशक्य. ग्वेर्चीनोचें देवदूताचें चित्र तेवढें डोळे भरून पाहून तीं अँकोनाला गेलीं, मासे आणि थंड पाणी यांवर कांहीं दिवस काढले, आणि लोरेटो, रिमिनी, राव्हेन्ना करीत तीन आठवड्यांत घरीं परतलीं. ठरविलेला बेत फसावयाचा आणि फसलेल्या बेताची पत्रांतून गंमत सांगावयाची, ही या दांपत्याची रीतच झाली होती. त्या फसलेल्या सहलींतून रॉबर्टची त्या चित्रावरील कविता तेवढी उरली.

१८४९ सालीं मात्र थट्टेला जागा राहिली नाहीं. फेब्रुवारींत ग्रँड ड्यूक पळून गेला आणि लोकांनीं कासा गीदीच्या दाराजवळच स्वातंत्र्यवृक्ष रोंविला. दोन महिन्यांत वारें फिरलें आणि त्याच शहरांत तितक्याच उत्साहानें तो पाडण्यांत आला. ९ मार्चला त्यांना मुलगा झाला आणि त्याच महिन्यांत रॉबर्टची आई तिकडे इंग्लंडांत वारली. मे महिन्यांत ऑस्ट्रियाचें सैन्य शहरांत शिरलें. ज्या खिडकींतून मिरवणूक पाहिली होती त्याच खिडकींतून आतां तोफा आणि मुकाट्यानें चाललेले शिपाई दिसले. १८५१ सालीं प्रसिद्ध झालेलें तिचें कासा गीदीच्या खिडक्यांवरील दीर्घकाव्य असेंच दोन भागांत तुटलेलें आहे: पहिला मिरवणुकीचा, दुसरा या निराशेचा. पहिल्या भागांत आपण भोळेपणानें फसलों हें तिनें पुढें लपविलें नाहीं, आणि तो भाग पुसूनहि टाकला नाहीं. इतिहास लिहिणाऱ्यानें शिकावा असा हा प्रामाणिकपणा आहे.

आईच्या शोकानें खचलेल्या रॉबर्टला कोठें तरी नेणें भाग होतें. म्हणून त्या उन्हाळ्यांत तान्हें मूल, दाई, विल्सन आणि फ्लश यांसह मंडळी बान्यी दि लुक्का येथील डोंगरांत गेली आणि तेथील सर्वांत उंचावरच्या वस्तींत ऑक्टोबरपर्यंत राहिली. तेथें चेस्टनटचीं रानें आणि रातकिड्यांचा आवाज. एक दिवस प्रातो फियोरीतो नांवाच्या उंच कुरणावर सहल निघाली: रॉबर्ट घोड्यावर, बायका गाढवांवर, आणि दाईच्या मांडीवर सहा महिन्यांचें मूल. चार वर्षांपूर्वीं जी पलंगावरून उठत नव्हती ती आतां दगडगोट्यांच्या वाटेनें डोंगर चढत होती. याच मुक्कामांत एलिझाबेथनें आपल्या प्रेमकाळांत गुप्तपणें लिहून ठेविलेलीं सुनीतें पतीला प्रथम दाखविलीं, असें रॉबर्टच्या एका पत्रावरून दिसतें. काव्यांत स्वतःचें प्रेम उघडें करूं नये असें तो पूर्वीं एकदां सहज बोलला होता, म्हणून तिनें तीं तीन वर्षें जवळ ठेविलीं होतीं. १८५० सालीं तीं छापलीं, आणि आज तिचें नांव मुख्यतः त्यांच्यामुळेंच टिकून आहे.

येथवरचें चित्र मोठें मनोहर आहे. आणि इतिहास लिहावयाचा तर येथेंच थोडें थांबून विचारलें पाहिजे कीं या उन्हाळ्यांचा भार कोणी वाहिला? जेवणाची चिंता नव्हती, कारण ती दुसऱ्या कोणीतरी वाहिली होती. शोरडिचच्या गल्लींत, व्हॅलोंब्रोझाच्या चढणीवर आणि प्रातो फियोरीतोच्या गाढवावर प्रत्येक वेळीं विल्सन आहे. आपल्या मालकिणीच्या लग्नाची एक साक्षीदारहि तीच. पण तिचे उन्हाळे तिचे नव्हते. १८५५ सालीं तिनें घरांतल्याच इटालियन नोकराशीं लग्न केलें; पहिलें मूल इंग्लंडांत झालें, आणि तें बहिणीजवळ ठेवून तिला मालकिणीबरोबर इटलीला परत यावें लागलें. जिला बापाच्या घरांतून सोडविण्यास या दासीनें आपली नोकरी आणि अब्रू पणाला लावली, तिच्या घरीं या दासीच्या मुलासाठीं जागा झाली नाहीं. फ्लशला मात्र होती. हें लिहितांना एलिझाबेथवर दोष ठेवण्याचा हेतु नाहीं. स्वातंत्र्य घरांत शिरतांना आधीं कोणाच्या खोलींत जातें आणि कोणाच्या दाराशीं थबकतें, एवढेंच दाखवावयाचें आहे. आपल्यापैकीं ज्यांच्या घरीं सुटींतील सहलीचे डबे कोणी तरी पहाटे उठून भरतें, त्यांना यांत परकें असें कांहीं वाटणार नाहीं.

याहून जड हिशेब बॅरेट घराण्याच्या संपत्तीचा. ती जमैकांतील उंसाच्या मळ्यांतून, गुलामांच्या श्रमांतून आली होती. गुलामगिरी बंद करण्याचा कायदा ब्रिटिश पार्लमेंटनें १८३३ सालीं केला, पण त्या संपत्तीचा डाग आपल्या रक्तावर आहे ही जाणीव एलिझाबेथला जन्मभर होती. लग्नानंतरच्या पहिल्याच हिंवाळ्यांत, पिसांत, तिनें पळून जाणाऱ्या एका गुलाम स्त्रीवर दीर्घ कविता लिहिली. ती अमेरिकेंतील गुलामगिरीविरोधी वार्षिकांत प्रसिद्ध झाली. आपण नुकतेंच एका घरांतून निसटलों, आतां सुखानें चांदणें पाहावें, एवढ्यावर तिचें मन थांबलें नाहीं. १८५६ सालीं विवाहित स्त्रियांना आपल्या मालमत्तेवर हक्क असावा म्हणून पार्लमेंटकडे अर्ज गेला, त्यावरहि तिची सही आहे. तो हक्क पुढें १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनीं मिळाला. तो पाहावयास ती उरली नव्हती. विल्सनच्या बाबतींत जी दृष्टि अपुरी पडली, ती इतरत्र इतकी दूर पोंचत होती. माणसें अशींच असतात, आणि म्हणूनच त्यांचा इतिहास लिहिण्यासारखा असतो.

फ्लश म्हातारा होऊन १८५४ सालीं वारला. त्याला कासा गीदीच्याच तळघरांत पुरलें. १८६१ च्या मार्चांत इटलीचें राज्य जाहीर झालें. ६ जूनला त्याचा शिल्पकार काव्हूर वारला, आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेस एलिझाबेथनें कासा गीदींत रॉबर्टच्या मिठींत प्राण सोडला. तिचा शेवट उन्हाळ्यांतच झाला. रॉबर्ट बारा वर्षांच्या मुलाला घेऊन निघून गेला. पुढें अठ्ठावीस वर्षें जगला, इटलीला पुष्कळदां आला, पण फ्लॉरेन्समध्यें त्यानें पुन्हा पाऊल ठेविलें नाहीं. शहरानें त्या वाड्यावर तिच्या नांवाचा कृतज्ञतेचा लेख बसविला. तो आजहि तेथें आहे.

त्या लेखांत अर्थातच कलिंगडांचा, पांढऱ्या झग्याचा किंवा खिडकीवर पंजे टेकणाऱ्या कुत्र्याचा उल्लेख नाहीं. दगडावर एवढें मावतहि नाहीं. परंतु ज्या स्वातंत्र्याबद्दल फ्लॉरेन्सनें तिचे आभार मानिले, त्याची पहिली चव तिला तेथील सज्जावर, एका साध्या उन्हाळी रात्रीं मिळाली होती. आणि तें सर्वांच्या वांट्याला यावें असें तिला वाटूं लागलें तेंहि तेथेंच. आपल्या घरच्या पेट्यांतहि आज्यापणज्यांचीं पत्रें असतील. कोणत्या सालीं आंबे कसे आले, कोण माहेरीं गेली, कोणाला जाऊं दिलें नाहीं, असलाच मजकूर त्यांत असेल. ती पेटी रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावी, एवढीच वाचकांस विनंती आहे.